नववा रकाना

कायदे करणारी माणसं मुंबईत असतात, मोडणारी गावोगाव असतात आणि पाळणारी सापडली तर सापडतात. पण कायदा जन्माला यायच्या आधीच तो स्वतः पाळून पाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्या तालुक्याच्या कचेरीत खिडकीजवळच्या टेबलाशी बसत असे. आम्ही त्यांना बडे बाबू म्हणायचो. त्यांचं खरं नाव हजेरीपटात होतं आणि तिथंच राहिलं. अंगात पांढरा शर्ट, कानावर पेन्सिल, आणि शर्टाच्या आत काळ्या गोफात अडकवलेलं थांबतं घड्याळ. शाळेच्या मैदानावर पोरं धावायला लागली की मास्तर ज्याची कळ दाबतात, ते. एका रिटायर झालेल्या पी.टी. मास्तरांकडून त्यांनी ते घेतलं होतं, आणि मास्तरांनी उभ्या जन्मात जितक्या शर्यती मोजल्या नसतील तितक्या फायली बाबूंनी त्या घड्याळावर मोजल्या. एकदा मला म्हणाले, "या टेबलावरून त्या टेबलावर फाइल जायाले आठ पावलं लागतात अन् नऊ दिवस लागतात. आठ पावलं सरकारले दिसतात. नऊ दिवस कोणालेच दिसत नाहीत."

मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा बहात्तरचा दुष्काळ नुकताच मागं पडला होता आणि माझ्या बी.कॉम.ची शाई ओली होती. आसेगावच्या आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढं गेलेलं नव्हतं. आज्यानं जन्मभर अंगठा दिला, बापानं मोठेपणी नाव गिरवायला शिकून घेतलं, आणि मी नावापुढं पदवी लावत होतो. हजेरीपटात लावायचो, डब्याच्या झाकणावरही कोरून घेतली होती. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं मला अजूनही वाटत नाही. पहिल्या दिवशी बाबूंनी माझी सही पाहिली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "बस, बीकॉम. हिशोब येते का तुले?"

"येते ना."

"मंग इसरून जाय. इथी अंदाज करा लागते."

तेव्हापासून कचेरीत माझं नाव बीकॉम पडलं.

अंदाज म्हणजे काय, ते सांगतो. मुंबईत एखादा कायदा करायचं घाटलं की तो राबवायला खर्च किती येईल, हे विचारणारा एक छापील तक्ता वरून खाली येत असे. कारकून किती लागतील, शिपाई किती, कागद किती, प्रवासभत्ता किती. तालुक्यांनी रकाने भरायचे, जिल्ह्यानं बेरीज करायची आणि ती बेरीज मुंबईला पोचली की कायद्याचा खर्च ठरला. भरायची रीत अशी होती की मागच्या कायद्याचा तक्ता काढायचा आणि त्यावर दहा टक्के चढवायचे. मागचा कायदा कोंडवाड्याचा असो आणि पुढचा सिनेमाच्या तंबूचा, आकडे तेच, फक्त दहा टक्क्यांनी वयात आलेले. बाबूंना हे सोसत नसे. "ढोराचा खर्च सिनेमाले कसा लागू होते बे? ढोर काय तिकीट काढून बसते?" वर हे कोणी वाचतं तरी का, हे पाहायला एका वर्षी त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात ठळक अक्षरात लिहिलं, 'वरील सर्व आकडे चुकीचे आहेत.' पंधरा दिवसांनी वरून पत्र आलं की आपल्या तालुक्याची माहिती वेळेवर व परिपूर्ण मिळाल्याबद्दल समाधान व्यक्त करण्यात येत आहे. टेबलाच्या काचेखाली लोक देवाचा फोटो ठेवतात, बाबूंनी ते पत्र ठेवलं होतं. नव्या माणसाला ते दाखवायचे आणि म्हणायचे, "रिटायर होयाच्या आधी आपला एक तरी तक्ता कोणी वाचला पाह्यजे. बरोबर म्हणो, चूक म्हणो, फाडून फेको. पण वाचून फेको." माणसाला मुलांची लग्नं व्हावीत, घर व्हावं अशा इच्छा असतात. बाबूंची ही एवढीच होती, आणि नोकरीची दोन वर्षं उरली होती.

खर्च काढायची त्यांची पद्धत म्हणजे कायदा चालवून पाहायचा, आधी घरी आणि मग दारी. एका होऊ घातलेल्या कायद्यात कोठारातला कोणताही जिन्नस बाहेर काढण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी, अशी अट होती. बाबूंकडे कोठार नव्हतं, साखरेचा डबा होता. त्यांनी त्याला कागदाची पट्टी चिकटवली, ओसरीवर पाट टाकून स्वतः सक्षम अधिकारी झाले, आणि मावशींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, साखर लागली की अर्ज द्यायचा असं ठरलं. नेमके त्याच आठवड्यात मोठ्या मुलीला पाहायला पाहुणे आले. मावशींनी कपबश्या पुढं ठेवल्या. मुलाच्या वडिलांनी घोट घेतला, कप खाली ठेवला आणि छताकडे पाहू लागले. मावशी शांतपणे म्हणाल्या, "साखरेचा अर्ज सकाळीच देला हाय. साहेब वाचून राह्यले." लग्न मोडलं असं आम्ही धरून चाललो होतो. ते जमलं. मुलाचे वडील म्हणे घरी जाऊन म्हणाले, या माणसापाशी जिनं इतकी वर्षं काढली तिची पोरगी कोणत्याही घरात निभावून नेईल.

पेठेतल्या जैन शेठजींच्या दुकानातही असंच. बाबू गूळ घ्यायला जायचे, आधी कळ दाबायचे, आणि ढेप फोडायला किती वेळ, तोलायला किती, पुडी बांधायला किती, असं टिपत बसायचे. मागं गिऱ्हाइकांची रांग लागायची. शेठजी एकदा हात जोडून म्हणाले, "बाबू, तुमी नुसता गूळ मांगला असता त आतापावतर तो खाऊन झाला असता." बाबूंनी ते वाक्यही टिपून घेतलं.

एका दुपारी डबे खाऊन झाल्यावर त्यांनी मला सहज विचारलं, "तुह्या स्कॉलरशिपच्या दाखल्यासाठी किती खेपा झाल्या रे?"

"सात," मी म्हणालो. "पण त्या मी नाही केल्या. मी कॉलेजात होतो. बापानं केल्या."

"बाप काय करे तवा?"

"रोजानं जाय. ज्या दिवशी कचेरीत जाय त्या दिवशी रोज पडे, मजुरी बुडे."

बाबूंनी कानावरची पेन्सिल काढली. "म्हंजे सात रोज. बीकॉम, त्या स्कॉलरशिपच्या कायद्याच्या तक्त्यात कारकुनाचा पगार लिहेल हाय, शिपायाची वर्दी लिहेल हाय, दौतीतली शाईबी लिहेल हाय. तुह्या बापाचे सात रोज कोठी लिहेल हायेत?"

माझ्या पदवीच्या कागदावर कुलगुरूंची सही आहे, विद्यापीठाचा शिक्का आहे. त्या सात दिवसांची खूण तिथंही नाही.

त्याच सुमारास वरून एक परिपत्रक आलं. खर्चाचे अंदाज यापुढे आधुनिक व शास्त्रीय पद्धतीनं करण्यात यावेत, असं त्यात होतं. सोबत नवा तक्ता, चार रकान्यांच्या जागी आठ, कागद गुळगुळीत. पगारवाढीच्या बातमीनं माणसं खूश होतात तसे बाबू 'शास्त्रीय' या शब्दानं झाले. त्यांनी कचेरीभर चहा पाजला. मग नीट पाहिलं तर पुढचे चार रकाने आधीचेच होते, फक्त प्रत्येकाच्या आधी 'सुधारित' हा शब्द लावला होता. बाकीच्या बाबूंनी विचारविनिमय करून दहा टक्क्यांऐवजी दहा पूर्णांक पंचवीस शतांश टक्के चढवायचं ठरवलं. झालं शास्त्रीय. बडे बाबूंनी पट्टी घेतली आणि लाल शाईनं आठव्या रकान्याच्या बाजूला, समासात, नववा रकाना आखला. वर मथळा लिहिला, 'ज्यांच्यासाठी कायदा, त्यांना लागणारा खर्च.'

आता तो भरायला कायदा हवा होता. नोकरीचे चार महिने उरले असताना तो आला. आठवडी बाजारात बसणाऱ्या प्रत्येक विक्रेत्यानं दर वर्षी तालुक्याच्या कचेरीत जातीनं हजर राहून परवाना घ्यावा, असा तो बेत होता. बाबूंनी मला आणि माझ्या कार्बन कागदांना घेतलं आणि बाजाराच्या दिवशी आम्ही एस.टी.नं केनवडला उतरलो. मी रात्रभर जागून अर्जाचे नमुने हातानं उतरवले होते. बाबू निंबाखाली पोत्यावर बसले, घड्याळाची कळ दाबली आणि एकेका विक्रेत्याला बोलावून अर्ज भरून पाहू लागले. भरल्यावर प्रत्येकाला नक्कलही दिली. सरकारनं माणसाचा कागद घेतला की त्याला नक्कल द्यायला हवी, असं त्यांचं मत होतं.

इथपर्यंत ठीक होतं. पण बाबू फार सरळ माणूस. लोकांचा गैरसमज नको म्हणून त्यांनी कोतवालाला डफडं घेऊन बाजारभर फिरवला. "आयका हो आयका. बाजाराच्या परवान्याचा कायदा अजून झाला नाही. कोणी सोमवारी कचेरीत येऊ नये हो." कोतवालानं प्रामाणिकपणे तीनदा फेरी मारली. आम्ही समाधानानं परतलो.

सोमवारी सकाळी मी कचेरीत आलो तर आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. केनवडचा सगळा बाजार आला होता. भाजीवाले, दोरवाले, बांगड्यावाल्या, मीठमिरचीवाले, सगळ्यांच्या हातात माझ्या अक्षरातली नक्कल. आता दिवस जाणारच म्हटल्यावर त्यांनी माल सोबत आणला होता आणि वाट पाहता पाहता तो मांडलाही होता. रोकड सांभाळणाऱ्या नाझरांच्या खिडकीखाली वांग्यांचा ढीग, झेंड्याच्या चबुतऱ्यावर बांगड्या. आमचे दोन कारकून भाव करत होते. केरसुण्या विकणारी एक म्हातारी पायरीवर बसली होती. बाबू तिच्यापुढं उकिडवे बसले.

"आजी, डफडं आयकलं नाही का? कायदा अजून झाला नाही."

"आयकलं ना. म्हणून त आलो."

"म्हंजे?"

"झाला नाही त डफडं कायले वाजोलं?" म्हातारी म्हणाली. "माह्या उमरीत असा कोतवाल मी पाह्यला नाही, जो काहीच झालं नाही म्हणून सांगत फिरते. काही तरी झाल्याबिगर डफडं निंघत नाही, बापा. अन् मागच्या खेपेले कंट्रोलवालाबी असाच म्हणे, काही नाही, नुसतं नाव लिहून राह्यलो. जे घरी बसले त्यायचं रेशनचं कार्ड गेलं."

आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. बाबूंचा हात सवयीनं शर्टात गेला आणि त्यांनी कळ दाबली. मग ते एकेकाला विचारत सुटले. कुठून आला, कसा आला, घरी काय टाकून आला, आज काय बुडालं. म्हातारी म्हणाली, "आजचा रोज पडला. उद्याचा अर्धा धरा, पाय दुखतीन." बाबूंनी 'दीड' लिहिलं.

एवढ्यात तहसीलदार साहेबांची जीप आली. साहेब तरुण होते, नवे होते, आणि जीपमधून उतरताना त्यांचा पाय कोथिंबिरीत पडला. "हा बाजार कोणी भरवला?"

"साहेब, जरासाक थांबा," बाबू मान वर न करता म्हणाले, "अकरा माणसं बाकी हायेत."

साहेबांचा चेहरा मी विसरणार नाही. "विधानसभेत न झालेला कायदा तुम्ही माझ्या तालुक्यात लागू केला?"

"मी नाही केला, साहेब. मी त करू नका म्हणून डफडं वाजोलं. लोकायनं करून घेतला."

अकरा माणसं झाली. बाबूंनी कळ थांबवली, वहीकडे पाहिलं आणि त्यांचा रंग उतरला. मी जवळ गेलो. मला हळूच म्हणाले, "बीकॉम, हे समदे रोज माह्यापायी पडले रे." मग ते चबुतऱ्यावर चढले, बांगड्या सांभाळत, आणि हात जोडून म्हणाले, "मायबाप हो, कायदा नाही. परवाना नाही. तुमी फुकट आले, अन् ते माह्या चुकीनं आले."

दोरवाल्यानं दोन शब्द ऐकवले, ते लिहिण्यासारखे नाहीत. भाजीवाल्यांनी कुरकुर केली. मग पायरीवरून म्हातारी उठली, गुडघ्यांवर हात देत. "चाल बापा. साठ वर्सात कचेरीतला माणूस 'माही चूक' म्हणताना आयकला नोता. तेवढं आयकाले आलो म्हणायचं." लोक हसले आणि आवराआवर करू लागले. बाबूंनी तिच्या सगळ्या केरसुण्या घेतल्या. त्यातली एक आमच्या घरी अजून आहे. अर्धी झिजली, पण आहे.

व्हायचं ते झालं. बाबूंना कारणे दाखवा नोटीस आली. चार महिने उरलेले, पेन्शनचे कागद निघायचे, अशा वेळी. खुलासा मी लिहायला बसलो. मी सरळच म्हणालो, "बाबूजी, असं लिहू का, की कोतवालानं आपल्याच मनानं डफडं वाजवलं?"

त्यांनी चष्मा काढला. "अन् मंग त्या कोतवालाचा खर्च कोणत्या रकान्यात लिहू?"

खुलाशात सगळं खरं गेलं. पेन्शन वाचली, पण सेवापुस्तकात 'सक्त समज देण्यात आली' अशी नोंद झाली. तक्ता मात्र बाबूंनी नवव्या रकान्यासह पाठवला, प्रत्येक माणसापुढं त्याचे पडलेले दिवस लिहून. महिनाभरानं तो परत आला. नवव्या रकान्यावर लाल फुली आणि खाली एक ओळ होती, 'कागद फाइलच्या बाहेर येत असल्याने जादा भाग कापून पाठवावा.' बाबूंनी ती ओळ दोनदा वाचली. "पाह्य," ते म्हणाले, "यायनं रुंदी पाह्यली. मजकूर नाही पाह्यला." त्यांनी तो भाग स्वतः कात्रीनं कापला, घडी करून खिशात ठेवला, आणि निरोपाच्या दिवशी काचेखालचं ते समाधानाचं पत्र मला दिलं. मग इंझोरीला आपल्या वावरावर निघून गेले.

बाजाराचा तो कायदा काही आला नाही. का आला नाही ते मुंबईला ठाऊक.

पुढं खिडकीजवळचं टेबल माझ्याकडे आलं. प्रत्येक तक्त्यावर मी नववा रकाना आखत राहिलो. फक्त शहाणपण एवढं केलं की अक्षर बारीक काढलं आणि कागद फाइलच्या बाहेर येऊ दिला नाही. तीन वर्षं कोणी काही बोललं नाही. चौथ्या वर्षी एक पत्र आलं, चार शब्दांचं. 'रकाना ९चे एकक कळवावे.' खाली कोणाची तरी बारीक, नवी सही.

मी रजा टाकली आणि इंझोरीला गेलो. बाबू ओसरीवर तुरी निवडत बसले होते. थकले होते. मावशींनी चहा दिला, साखर घालून. मी पत्र पुढं केलं. त्यांनी ते वाचलं, उलटं करून पाठ पाहिली, पुन्हा वाचलं. दूरदेशी गेलेल्या मुलाचं पत्र वाचावं तसं तिसऱ्यांदा, ओठ हलवत. मग ते मावशींकडे वळून म्हणाले, "विचारलं. आयकलं का? विचारलं म्हंजे वाचलं."

मावशी म्हणाल्या, "मंग आता साखर खुली झाली म्हणा."

"बाबूजी, उत्तर काय लिहू?" मी विचारलं.

"माले कायले पुसतं? रोज तुह्या बापाचे पडले. त्याले पुस."

ते मला एस.टी.पर्यंत सोडायला आले. गाडी हलली तेव्हा मी मागं पाहिलं. त्यांनी शर्टातून घड्याळ काढलं आणि कळ दाबली. मी तसाच आसेगावला गेलो, बापाला विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत येऊन सुवाच्य अक्षरात उत्तर लिहिलं, 'रकाना ९चे एकक : पडलेला रोज.' खाली सही केली, पदवीसह.

त्याला वरून अजून काही आलेलं नाही. बाबू गेले त्यालाही आता दोन उन्हाळे झाले. मावशी सांगतात, त्या घड्याळाला ते रोज सकाळी न चुकता चावी देत, काटा चालतो का ते कानाला लावून पाहत, आणि थांबवायच्या कळीला मात्र कोणाला हात लावू देत नसत.